वजन जास्त असेल तर जुनाट कंबरदुखीवर मानसोपचाराचा उपयोग होतो का? की आधी वजन उतरवावं?

उपयोग होतो. आधी वजन उतरवू आणि मग जाऊ, असं करू नका. मी त्याच नादात दीड वर्ष घालवलं.

तुम्ही लिहिलंय की वजन 96 किलो आहे, तीन वर्षं कंबर दुखतेय, एमआरआयमध्ये खास काही निघालं नाही आणि आता डॉक्टर सीबीटीसाठी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचारासाठी पाठवतायत. माझंही असंच होतं. मी नेरूळची, वय 47, उंची पाच फूट दोन इंच, तेव्हा वजन 86 किलो. जिथे जाईन तिथे एकच वाक्य ऐकायचं, "आधी वजन कमी करा." त्यासाठी चालायला गेलं की कंबर धरायची, घरी बसलं की वजन वाढायचं.

शेवटी वाशीला एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेले. पहिल्या दोन भेटींत वजनाचा विषयच काढला नाही, लाज वाटत होती. त्यांनी रोज वीस मिनिटं चालायला सांगितलं. पहिल्याच दिवशी हट्टाने वीस मिनिटं चालले आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. तिसऱ्या भेटीत रडू आलं आणि सगळं बाहेर पडलं. दुखण्याची भीती होतीच, पण नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेतल्या ट्रॅकवर लोक बघतील ही भीती त्याहून मोठी होती. नणंदेकडच्या सत्यनारायणाला "कंबर दुखते" म्हणून गेले नव्हते. खरं तर जमिनीवर बसले की उठताना कुणाचा तरी हात धरावा लागतो, ते चारचौघांत नको होतं.

हे कळल्यावर त्यांनी उपचारच बदलला. सहा मिनिटं चालायचं, दुखो वा न दुखो. बरं वाटलं त्या दिवशीही सातवं मिनिट नाही. मग आठवड्याला एकेक मिनिट वाढवायचं. आणि जमिनीवर बसून उठण्याचा सराव, आधी घरी खुर्चीला धरून, मग बहिणीसमोर.

वजनाचा कंबरेशी संबंध नाही असं मी म्हणत नाही. लठ्ठपणा आणि जुनाट कंबरदुखी बऱ्याचदा बरोबर दिसतात. भार तर येतोच, शिवाय चरबीच्या पेशी दाह वाढवणारी रसायनं सोडतात. पण दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलं की मज्जासंस्था हळवी होऊन बसू शकते, आणि "वाकले तर मणका जाईल" या धास्तीने माणूस हालचालच टाळतो. सीबीटी काम करते ती या धास्तीवर, आणि त्यासाठी वजनकाटा आड येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही सीबीटीसारखे मानसोपचार आहेत.

वजन खरंच आडवं येतं ते झोपेत. तुम्ही मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगतात का, दिवसा पेंग येते का, हे तपासाच. वजन वाढलं की स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराची शक्यता वाढते आणि झोप मोडली की दुखणं जास्त जाणवतं. माझं निदान उशिरा झालं. रात्री झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप मशीन लावायला लागल्यावर थेरपीतलं डोक्यात टिकायला लागलं. त्याआधी निम्मं तर दुसऱ्या दिवशी आठवायचंच नाही.

बारा भेटी झाल्या तेव्हा वजन 83 होतं, म्हणजे फक्त तीन किलो कमी. दुखणं मात्र दहापैकी सातवरून तीन-चारवर आलं. अजून दुखतं, पण स्टेशनचा जिना मी न थांबता चढते.

एक मात्र लक्षात ठेवा. पायातली ताकद जायला लागली, जांघेत बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, किंवा दुखण्याबरोबर ताप असेल, तर थेरपीची वाट न बघता लगेच डॉक्टर गाठा.

तसं काही नसेल तर याच आठवड्यात वेळ घ्या. पहिल्याच भेटीत वजन सांगा, कुठली हालचाल लोकांसमोर करायला नको वाटते तेही सांगा. तिथेही "आधी वजन उतरवून या" असं ऐकायला मिळालं, तर दुसरा सायकॉलॉजिस्ट शोधा.