वाचकांचे प्रश्न : आभाळ स्वच्छ, मग वादळी वाऱ्याचा इशारा कशाला?

समुद्रावरच्या हवामानाबद्दल या महिन्यात बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार घेतलेत. पहिला जिवाशी खेळणारा आहे म्हणून त्यालाच जास्त जागा दिलीय.

प्रश्न : दादा, मी मढचा, आमचा ट्रॉलर आहे, बाबा तांडेल म्हंजे बोटीचे प्रमुख आहेत. मे महिन्यात आभाळ एकदम साफ असतं, वारा पण विशेष नाय, तरी मोबाईलवर मेसेज येतो की मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, वारा ताशी 45 ते 55 किमी आणि झोत म्हंजे मधेच येणारा जोराचा वारा 65 पर्यंत. बाबा म्हणतात हे सारखंच येतं, ऐकत बसलो तर डिझेलचे पण पैसे निघणार नाहीत. काय करायचं?

उत्तर : भाऊ, बाबांचं म्हणणं मला समजतं, मेच्या शेवटी ऐन धंद्याचे दिवस असतात आणि 1 जूनपासून दोन महिने बंदी. पण तो मेसेज पूर्ण वाचा, त्यात आधी भाग दिलेला असतो. पश्चिम-मध्य, नैऋत्य, पूर्व-मध्य, ईशान्य असे अरबी समुद्राचे तुकडे पाडलेत, मुंबई-रत्नागिरीसमोरचं पाणी पूर्व-मध्यमध्ये आणि वर गुजरातच्या बाजूला गेलात की ईशान्य. सोमालिया, येमेनच्या बाजूचा इशारा असेल तर तो तुमच्या मढच्या खाडीसाठी नाही, आणि हे न बघताच लोक म्हणतात बघा खोटं निघालं, मग जेव्हा खरंच पूर्व-मध्य लिहून येतं तेव्हा पण कोणी ऐकत नाही. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

त्या सोमालियाच्या बाजूचं पण सांगतो कारण तिथे चक्रीवादळ नसताना सुद्धा गेल म्हंजे वादळी वारा लागतो. पावसाळ्यात तिथून वाऱ्याचा एक जबरदस्त पट्टा निघतो, आफ्रिकेच्या डोंगरांना घासून वळतो आणि आपल्या किनाऱ्याकडे येतो, त्याचा सगळ्यात जास्त जोर पाण्यापासून साधारण दीड किमी उंचीवर असतो. जुलैच्या आसपास सोकोत्रा बेटाजवळ खाली पाण्यावर सुद्धा 30-35 नॉट (एक नॉट म्हंजे ताशी एक सागरी मैल) वारा कित्येक दिवस चालू राहतो. आपला पाऊस आणतो तो हाच वारा. गेल म्हंजे 34 ते 40 नॉट, 34 नॉट म्हंजे ताशी जवळपास 63 किमी.

आता तुमच्या मेसेजमधला आकडा बघा. 45 ते 55 किमी म्हंजे गेलच्या खाली, पण झोत 65 चा आहे म्हंजे झोत गेलचाच झाला. आणि वारा दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, त्यामुळे 30 किमीच्या वाऱ्यात जी बोट आरामात चालते तिला 60 च्या झोतात किती मार बसेल ते बाबांना सांगायला नको. निघताना धक्क्यावर वारा नाही म्हणून 80 मैल बाहेर पण नसेल असं धरून चालू नका.

दुसरी गोष्ट वेळेची. ट्रॉलर साडेसात नॉटने चालला तर 100 सागरी मैलांवरून परत यायला तेरा-चौदा तास लागतात, ते पण समोरून लाटा नसतील तर. 2017 चं ओखी वादळ आठवा, 29 नोव्हेंबरला श्रीलंकेजवळ नुसतं डिप्रेशन म्हंजे चक्रीवादळाच्या आधीचा कमी दाबाचा पट्टा होता आणि दुसऱ्या दिवशी चक्रीवादळ झालं, तोपर्यंत केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी बोटी लांब गेलेल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच वाहत-वाहत आपल्या देवगडला लागल्या, आणि जे परत आलेच नाहीत त्यांची घरं आजही तिथल्या किनाऱ्यावर आहेत. म्हणून बर्फ भरायच्या आधी पुढच्या पाच दिवसांचा मच्छीमार इशारा बघा, आजचा एकटा बघून उपयोग नाही, तुम्ही आठ-दहा दिवस बाहेर राहणार असता. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचं लाटांचं फोरकास्ट पण बघा. बाहेर गेल्यावर व्हीएचएफ रेडिओचं चॅनल 16 (संकटात हाक मारायचं) चालू ठेवा आणि कोस्ट गार्डचा नंबर 1554 घरच्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

प्रश्न : माझे मिस्टर मर्चंट नेव्हीत सेकंड ऑफिसर आहेत, जहाज पनामावरून मेक्सिकोच्या किनाऱ्याने वर चाललंय. जानेवारीत त्यांनी मेसेज केला की टेहुआन्टेपेकजवळ गेल वॉर्निंग आहे. मी सॅटेलाइटचा फोटो बघितला तर ढगच नाही, वादळ पण नाही. दादरला बसून मला काही सुचत नाहीये.

उत्तर : ताई, फोटो बरोबर आणि वॉर्निंग पण बरोबर. टेहुआन्टेपेक म्हंजे मेक्सिकोच्या दक्षिणेचं पॅसिफिकच्या बाजूचं आखात, तिथे मेक्सिकोचा जमिनीचा पट्टा अगदी अरुंद आहे, साधारण 200 किमी, आणि दोन्ही बाजूच्या डोंगरांमध्ये चिवेला नावाची खिंड आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड हवा मेक्सिकोच्या आखातात उतरते, तिथे हवेचा दाब वाढतो, पलीकडे पॅसिफिकला दाब कमी, मग ती सगळी हवा त्या खिंडीतून घुसते, आपल्याकडे दोन टॉवरच्या मधल्या गल्लीत वारा कसा अंगावर येतो तसं. हवा कोरडी असल्यामुळे आभाळ बऱ्याचदा निळंच राहतं आणि खाली समुद्र पांढरा झालेला असतो. ऑक्टोबर ते एप्रिल हे चालतं, डिसेंबर-जानेवारीत जास्त, आणि कधीकधी गेलच्या पण वर जाऊन 48 नॉटच्या पुढे पोचतं.

दिलासा देणारी गोष्ट म्हंजे हा वारा सहसा अचानक येत नाही, थंड हवा अमेरिकेतून खाली सरकताना आधीच दिसते त्यामुळे एक-दोन दिवस आधी सांगता येतं. तिथल्या खोल समुद्राचं फोरकास्ट मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर दिवसातून चार वेळा काढतं. त्यातली वेळ यूटीसीमध्ये म्हंजे जगभर वापरतात त्या प्रमाणवेळेत असते, आपली वेळ काढायला साडेपाच तास मिळवा, नाहीतर उगाच वाटत राहतं की अजून वारा यायचाय आणि तोपर्यंत तो येऊन गेलेला असतो. वारा उत्तरेकडून म्हंजे जहाजाच्या कुशीवर म्हंजे बाजूने येतो त्यामुळे जहाज डोलतं, कॅप्टन वेग आणि दिशा बदलून ते सांभाळतात, क्वचित थोडं थांबून पण राहतात. म्हणून त्यांना पोचायला एक दिवस उशीर झाला तर घाबरू नका, हळू जाणं हीच तिथली काळजी असते. एक-दोन दिवस नेटवर्क नसेल तरी लगेच वाईट विचार मनात आणू नका.

प्रश्न : बंदरात तीन नंबरचा बावटा (धोक्याची खूण) लागला म्हंजे वाऱ्याचा वेग किती? (वरळी कोळीवाडा)

उत्तर : बावट्याचा नंबर म्हंजे वाऱ्याचा वेग नाही. 1 आणि 2 म्हंजे हवामानाचा बिघाड लांब समुद्रात आहे, 3 म्हंजे बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका, 4 म्हंजे बंदराला वादळाचा धोका आहे पण अजून टोकाची खबरदारी घ्यावी इतका मोठा नाही. 5 पासून पुढे धोका, 8 ते 10 महाधोका. 11 म्हंजे हवामान खात्याशी संपर्कच तुटलाय. तीनला लहान होडी काढू नका, एवढं साधं.

प्रश्न : पावसाळ्यात पेपरात येतं की भरती 4.7 मीटर आणि लाटा 3 मीटर. मग मरीन ड्राइव्हला पाणी 7.7 मीटर चढणार का? मुलगा विचारतो, मला सांगता येत नाही.

उत्तर : नाही, अशी बेरीज होत नाही. भरतीची उंची मोजतात ती ओहोटीच्या जवळजवळ सगळ्यात खालच्या पातळीपासून, आणि लाटेची उंची मोजतात तळापासून माथ्यापर्यंत, म्हंजे 3 मीटरच्या लाटेचा साधारण अर्धाच भाग सरासरी पाण्याच्या वर असतो. शिवाय 3 मीटर हा त्या समुद्रातल्या सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांचा सरासरी आकडा आहे, त्यामुळे मधेच एखादी लाट जवळजवळ दुप्पट पण येऊ शकते. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की मोठ्या लाटा बाहेरच फुटतात, पण भरती मोठी असेल तर त्या आणखी आत येऊन फुटतात आणि कठड्यावर आपटतात, लोक वाहून जातात ते तेव्हाच. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस आणि वेळा महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते, ती यादी फ्रिजवर चिकटवा आणि त्या वेळेच्या दोन तास आधी आणि दोन तास नंतर मुलाला कठड्यावर बसू देऊ नका. त्यात पश्चिमेचा वारा जोरात असेल तर त्या दिवशी तिकडे फिरायला जाऊच नका.