कमळपक्षी आणि कमळ यांची तुलना करता येईल का?

नक्कीच येईल, आणि इंदूरकरांना त्यासाठी लांब जायला नको. यशवंत सागर धरणाच्या फुगवट्यावर गुलावत गावाजवळ पावसाळ्यानंतर कमळं फुलतात, तिथे दुर्बीण घेऊन पहाटे जा.

दोघांचं पहिलं कोडं एकच: पायाखाली घट्ट जमीन नाही. पक्ष्याची बोटं आणि नखं इतकी लांब असतात की वजन पानभर विभागलं जातं आणि तो तरंगत्या पानावरून सहज चालतो. कमळाचं मूळ चिखलात, तिथे प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून देठात पोकळ नळ्या असतात. देठ आडवा कापून बघा, भोकं साध्या डोळ्यांना दिसतात. पानांतली हवा त्यांतूनच खाली गड्ड्यापर्यंत जाते.

मला खरी गंमत वाटते ती वंशवाढीत. लांब शेपटीच्या कमळपक्ष्यात मादी मोठी. ती बहुधा ४ अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते. उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं नराकडे. घरटं बुडायला लागलं तर तो अंडी चोच आणि छातीच्या मध्ये धरून मागे मागे सरकत हलवतो! कमळात एकाच फुलात दोन्ही भूमिका: आधी स्त्रीकेसर तयार होतो, पराग नंतर सुटतात, त्यामुळे स्वपरागण टळतं. शिवाय फूल स्वतः उष्णता निर्माण करून ३० ते ३६ अंशांवर राहतं, बाहेर गारठा असला तरी.

फरक विचाराल तर अन्न. कमळ ते उन्हातून बनवतं, पक्षी पानांवरचे किडे आणि गोगलगायी टिपतो.