पेंढा, पुरण आणि म्हैसूरचा वाघ

एका अनुवादक ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या कथेत १९३० च्या सुमाराला म्हैसूरकडच्या एका बंगल्याच्या दिवाणखान्यात वाघ उभा आहे. त्यांनी लिहिलं, 'पेंढा भरलेला वाघ'. संपादकांनी ते खोडून 'चर्मपूरित वाघ' केलं आणि समासात शेरा मारला, "वाघात पेंढा कोणी भरत नाही." दोघांत बरोबर कोण?

संपादकांची शंका खरी, पण उपाय फसलाय. पूरण म्हणजे भरणं. पोळीतलं पुरण तेच. म्हणजे त्यांनी पेंढा काढला आणि पुरण ठेवलं! 'चर्मपूरण' हा शब्द ऐकायला शास्त्रीय वाटतो खरा, पण तोही कातड्यात काहीतरी भरतात असंच सांगतो. गंमत म्हणजे मेलेल्या प्राण्याचं कातडं जिवंतासारखं मांडून ठेवण्याच्या या कलेचं मूळ नाव 'टॅक्सीडर्मी', आणि त्यात भरण्याचा मागमूस नाही. ग्रीक 'टॅक्सिस' म्हणजे मांडणी, 'डर्मा' म्हणजे त्वचा. हा शब्द लुई द्युफ्रेन या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने १८०३ मध्ये वापरात आणला.

आता पेंढ्याकडे वळू. मळणी झाल्यावर उरलेल्या भाताच्या काड्या म्हणजे पेंढा. वासरू दगावलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईम्हशीपुढे उभं करायचे, म्हणजे ती त्याला चाटते आणि पान्हा सोडते. आपल्याकडे हा शब्दप्रयोग शिकारखान्यातून नव्हे, गोठ्यातून आला असावा, असं मला वाटतं.

युरोपातही सुरुवातीचं काम शब्दशः भरण्याचंच होतं. कातडं सोलायचं, वाळवायचं, शिवायचं आणि गवत, भुसा, चिंध्या, मिळेल ते ठासायचं. ठासताना थांबायचं कुठे, हे मूळ प्राणी पाहिलेला असेल तरच कळणार. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात एक वॉलरस (उत्तर ध्रुवाकडचा लांब सुळ्यांचा समुद्री प्राणी) आहे, १८८६ च्या वसाहती प्रदर्शनात मांडलेला. वॉलरसच्या अंगावर कातडीच्या वळ्या असतात, हे भरणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी शेवटची सुरकुती जाईपर्यंत भरलं. तो आजही फुगवलेल्या फुग्यासारखा तुकतुकीत बसलेला आहे. 'पेंढा भरणे' या क्रियापदाला याहून प्रामाणिक पुतळा मिळायचा नाही.

बरं, भरून भागत नसे. कातड्याला कसर लागायची, केस झडायचे, आणि हौसेने जमवलेले पक्षी काही वर्षांत पिसांचा ढीग होऊन बसायचे. त्यावरचा तोडगा अठराव्या शतकात फ्रान्समधल्या मेत्सच्या बेकर नावाच्या औषधविक्याने काढला: सोमल (म्हणजे आर्सेनिकचं विष), साबण, कापूर, जवखार आणि खडूची पूड यांचा लेप. सोमल आणि साबण समभाग, बाकीचं त्याहून कमी. हे गुपित त्याने जन्मभर जपलं. तो १७७७ मध्ये वारला आणि कृती पुढे पॅरिसच्या मंडळींनी छापली, त्यात हे द्युफ्रेनही होते. लेप आतून लागतो, पण विष तिथेच राहत नाही. म्हणून जुन्या संग्रहालयांतल्या प्राण्यांना आजही हातमोजे घालूनच हात लावतात.

शब्दाच्या दृष्टीने खरा बदल यानंतरचा. भरण्याऐवजी लोक आधी अंग तयार करू लागले. सोललेल्या धडाची मापं घ्यायची, तारांचा सांगाडा करायचा, त्यावर तागासारखे तंतू किंवा लाकडाचा कीस दोऱ्याने आवळून धडाचा आकार आणायचा आणि मग कातडं चढवायचं. अमेरिकेत कार्ल एकली याने पुढची पायरी गाठली. तो स्नायूंसकट प्राणी शाडूसारख्या मातीत घडवायचा, त्यावरून प्लास्टरचा साचा काढायचा, साच्यातून हलकं पोकळ धड करायचा आणि त्यावर कमावलेलं कातडं चिकटवायचा. हे काम गवंड्याचं नाही, मूर्तिकाराचं. पॉलियुरेथेन फोमची तयार धडं फार नंतर आली.

म्हैसूरला व्हॅन इंगेन घराण्याचा कारखाना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९९९ पर्यंत चालला. संस्थानिकांचे आणि साहेबांचे वाघ-बिबटे हजारोंनी तिथे जात. तिथे साच्यांतून काढलेली कागदाच्या लगद्याची धडं वापरत. म्हणजे ताईंच्या कथेतला वाघ तिथलाच असेल, तर त्याच्या पोटात पेंढाही नाही आणि पुरणही नाही, आहे तो लगदा आणि पोकळी.

मग क्रियापद कोणतं? ते आपल्या घरातच आहे: मढवणे. मृदंग मढवतात, तबला मढवतात. आधी खोड घडवायचं, मग त्यावर कातडं ताणून बसवायचं. एकलीने केलं ते याहून वेगळं काय? 'मढवलेला वाघ' म्हटलं की वाचकाला आधी सोनं दिसेल, हे मात्र कबूल.

एक अपवाद सांगायला हवा. अभ्यासासाठी ठेवलेल्या पक्ष्यांत खरोखरच भरतात, पण कापूस. पाय बांधून, पायाला चिठ्ठी लावून त्यांना खणात उताणं निजवलेलं असतं. १९०८ मध्ये गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी घेऊन शाळकरी सालिम अली (पुढे नावाजलेले पक्षितज्ज्ञ) मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले, तेव्हा तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्यांना असेच खण उघडून दाखवले होते. तिथे 'कापूस भरलेला पक्षी' म्हणा, कोणी बोट ठेवणार नाही.

ताई, तुमच्या वाक्यापुरतं सांगायचं तर पात्र बोलत असेल तर 'पेंढा भरलेला' बिनदिक्कत ठेवा. शिसपेन्सिलीत तरी शिसं कुठे असतं? कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये पोरांना घेऊन फिरणारा कोणीही बाप पेंढाच म्हणतो. निवेदक बोलत असेल आणि संपादक अडूनच बसले असतील, तर 'कातडं मढवून उभा केलेला वाघ' असं लिहून बघा. 'चर्मपूरित' मात्र दोन्ही ठिकाणी नको.