मिश्र वस्तीच्या सोसायटीत आपला सण उघडपणे साजरा करावा की घरापुरता ठेवावा?

आपल्या सोसायटीत सर्व धर्मांचे लोक राहतात आणि निवडणुकांपासून शेजाऱ्याशेजाऱ्यांत तेढ आली आहे, असे आपण लिहिले आहे. अशा ठिकाणी सण उघडपणे साजरा करावा की दार लावून घरापुरता ठेवावा, आणि त्या दिवशी सणाचा पोशाख करून कार्यालयात जावे का, हे आपले दोन प्रश्न. पहिल्याचे माझे उत्तर स्पष्ट आहे : सण उघडपणेच साजरा करावा. दार लावून केलेल्या सणाबद्दल शेजाऱ्याला काहीच कळत नाही, आणि मग त्याची समजूत मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांवरून बनते.

मी सांगली जिल्ह्यातला मुसलमान आहे. घरात दखनी, शाळेत आणि बाजारात मराठी, अशा वातावरणात वाढलो. आमच्या भागात सण घरापुरता ठेवण्याची रीत कधीच नव्हती. १८९३च्या मुंबईतल्या दंगलीनंतर टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ दिले, तेव्हा हिंदूंनी मोहरमपासून दूर राहावे असा प्रचारही झाला होता. तरीही कडेगावात उंच ताबूतांच्या भेटी आजही हिंदू-मुसलमान मिळून घडवतात. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत १९८०पासून गणपती मशिदीत बसतो. आमची अम्मी मोहरमला गुळाच्या पाण्यात कणीक मळून चोंगे करायची, आणि त्यातले निम्मे गल्लीतल्या हिंदू घरांत जायचे.

आता मी पुण्यात राहतो. आमच्या सोसायटीत वाहनतळात दहा दिवस गणपती असतो. त्याची वर्गणी आम्ही देतो आणि आमच्या मजल्याची प्रसादाची पाळी आली की आमच्या घरूनही वाटा जातो. काही वर्षांपूर्वी ईदच्या संध्याकाळी सर्वांना शीरखुर्मा द्यावा म्हणून मी सोसायटीचे सभागृह मागितले. ‘सामाईक जागेत धार्मिक कार्यक्रम नकोत, उगाच वाद होतील,’ असे मला तोंडी सांगण्यात आले. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एका सदस्याने लिहिले की आज शीरखुर्मा, उद्या नमाज.

मी हे भाईजानना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, फोनवर सांगितले. ते म्हणाले, ‘तू मागितलंसच कशाला? घरात कर, चार ओळखीच्यांना बोलाव, दिवस बरे नाहीत.’ भाईजान मिरजेत दुकान चालवतात. २००९च्या गणेशोत्सवात तिथे अफझलखान वधाच्या चित्राच्या कमानीवरून दंगल उसळली, संचारबंदी लागली आणि त्यांच्या दुकानाचे शटर बंद राहिले. त्या दिवसांची भीती त्यांच्या मनातून गेलेली नाही, आणि ती खोटी आहे असे मी कधीही म्हणणार नाही. परंतु त्यावरून ते जो निष्कर्ष काढतात तो मला मुळीच मान्य नाही. मिरजेत कोणी उघडपणे आरती केली किंवा कोणी उघडपणे ईद साजरी केली म्हणून दंगल झाली नव्हती. विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना रस्त्यावरच्या एका चित्रावरून शहर पेटले. सण कोणाच्या मालकीचा आहे हे जेव्हा पुढाऱ्यांचे फलक ठरवू लागतात, तेव्हा धोका सुरू होतो.

म्हणून मी अर्ज मागे घेतला नाही. विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, असे लेखी दिले आणि सत्यनारायण, हळदीकुंकू व नाताळ यांसाठी याच सभागृहाला परवानगी दिल्याची इतिवृत्ते सोबत जोडली. सभेत आवाज चढले. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या एक निवृत्त शिक्षिका उठून म्हणाल्या, ‘नियम एक आहे की दोन, एवढं सांगा आणि मतदान घ्या.’ ठराव मंजूर झाला : कोणत्याही सणाला सभागृह मिळेल, अनामत सर्वांना सारखी, ध्वनिवर्धक नाही, कोणत्याही पक्षाचा झेंडा किंवा पुढाऱ्याचे छायाचित्र नाही, आणि रात्री दहाला दिवे बंद.

ईदच्या दिवशी माझ्या पत्नीने रात्रभर भिजवलेली खारीक उभी चिरली, शेवया तुपावर तांबूस परतल्या आणि चारोळी घालून मोठे पातेले सभागृहात आणले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वाटी हातात घेण्यापूर्वी विचारले, ‘यात मांस नाही ना गं?’ ती म्हणाली, ‘दूध, तूप, शेवया आणि सुका मेवा, काकू.’ त्यांनी वाटी संपवली आणि काकांसाठी डबा भरून मागितला. तो प्रश्न त्या समोर उभे राहून विचारू शकल्या, यासाठीच मला सभागृह हवे होते. गटावर लिहिणारे गृहस्थ आले नाहीत. न येण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

भाईजानना हे सगळे सांगितले तेव्हा त्यांनी २०२३चे उदाहरण माझ्यापुढे ठेवले. त्या वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या आणि मुंबईतल्या मुस्लीम संघटनांनी जुलूस २९ तारखेला काढला. ‘बघ, शेवटी आपल्यालाच मागं सरावं लागतं,’ असे ते म्हणाले. मी याला मागे सरणे मानत नाही. जुलूस रद्द झाला नाही, गल्लीबोळात लपला नाही. तो पूर्ण निघाला आणि सरकारने २९ तारखेची सुट्टी दिली. २०२४मध्ये आणि २०२५मध्येही मुंबईत असाच दिवस बदलण्यात आला. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे असल्यामुळे आमचे सण दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि साधारण ३३ वर्षांत फेरा पूर्ण करतात. गणपती आणि मोहरम ऐंशीच्या दशकाच्या मध्यात एकत्र आले होते, ते पुन्हा २०१८ ते २०२० या काळात आले. हे कायमच होत राहणार, तेव्हा एकमेकांशी उघडपणे बोलून दिवस ठरवण्याची सवय असलेली बरी.

उघडपणे म्हणजे वाटेल तसे नव्हे, हेही सांगतो. राज्यघटनेचे पंचविसावे कलम धर्मस्वातंत्र्य देते ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहूनच. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ती डीजेलाही लागू आहे आणि भोंग्यालाही. बकरी ईदची कुर्बानी सोसायटीच्या आवारात करू नये, परवानगीच्या ठिकाणीच करावी, असे मी माझ्या नातेवाइकांना तोंडावर सांगतो. आपल्या गावात नुकताच तणाव झाला असेल किंवा जमावबंदी लागू असेल, तर शांतता समितीशी बोलल्याशिवाय पाऊल उचलू नये. आमच्या सोसायटीत मतदान निर्भयपणे होऊ शकले. सगळीकडे तसे होईलच असे नाही.

कार्यालयात सणाचा पोशाख खुशाल करून जावे. सोसायटीत मात्र तोंडी विचारू नये. तोंडी विनंतीला तोंडी नकार मिळतो आणि तो कुठेही नोंदला जात नाही. अर्ज लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि नकार मिळालाच तर तो कारणासह इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. भाईजान याला भांडण उकरून काढणे म्हणतात. मी वर्गणी देणारा सभासद आहे आणि सभागृह माझेही आहे, असे मी त्यांना दरवेळी सांगतो.