वाचक विचारतात : पार्किंगची नोटीस

प्रश्न : मी मुलाकडे इंग्लंडमध्ये स्लावला आले आहे. दुकानाच्या पार्किंगला दोन तासांची मुभा होती. नातवाला उलट्या झाल्या, उशीर झाला. मुलाच्या नावे शंभर पौंडांची नोटीस आली. शेजारी म्हणतात, खासगी कंपनी आहे, फाडून टाका. टाकावी का?

उत्तर : नका फाडू, ताई. हा सरकारी दंड नव्हे, फलकावरच्या अटींच्या कराराचा दावा आहे. पण न्यायालयात टिकतो. चेम्सफर्डच्या एका पार्किंगमध्ये बॅरी बेव्हिस नावाचे गृहस्थ 56 मिनिटं जास्त थांबले. 85 पौंडांची आकारणी 2015 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. मला तो निकाल आजही कठोर वाटतो, पण तो आहे.

आधी दुकानाच्या मॅनेजरला भेटा. खरेदीची पावती आणि आजारपणाची चिठ्ठी दाखवा. दुकानाच्या शब्दावर पुष्कळ नोटिसा रद्द होतात. नाहीच झालं तर मुलाने कंपनीकडे मुदतीत लेखी अपील करावं, ते फेटाळलं तर स्वतंत्र अपील मंडळाकडे. आणि पाकिटावरची तारीख बघा : नोटीस फक्त कॅमेऱ्यावरून काढली असेल, तर ती 14 दिवसांत पोचायला हवी. उशिरा आली असेल, तर केवळ गाडी नावावर आहे म्हणून मुलाकडून पैसे मागता येत नाहीत. नातू बरा आहे ना?