मुंबई ते नागपूर विमानाने अंतर किती आणि वेळ किती लागतो? सकाळी निघून 11 वाजता सिव्हिल लाइन्सला कामावर पोहोचता येईल का?

पोहोचाल, पण पहाटेचंच विमान धरा.

दोन्ही विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर साधारण 683 किलोमीटर आहे. नकाशावर पट्टी ठेवून बघा, रेघ जवळजवळ छत्रपती संभाजीनगरवरून जाते आणि पुढे अकोला-वाशीमच्या मधून निघते. विमान अगदी या रेघेवरून उडत नाही. मुंबईत बहुतेक वेळा ते पश्चिमेला, जुहूच्या समुद्राकडे उडतं आणि मग वळून विदर्भाची वाट धरतं. म्हणजे पहिली काही मिनिटं तुम्ही नागपूरपासून लांबच जात असता!

तिकिटावर दीड तासाच्या आसपास वेळ दिसेल. हवेत त्यातला तास-सव्वा तासच जातो. चहाची ट्रॉली मागच्या रांगांपर्यंत येते न येते तोच पट्टे बांधायची सूचना होते. उरलेला वेळ जमिनीवरचा, कारण तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर लागेपर्यंतचा धरतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एका वेळी वापरता येत नाहीत. मग रांग लागते. परतीच्या प्रवासात हीच गर्दी आकाशात भेटते आणि उतरायची परवानगी मिळेपर्यंत विमान घिरट्या घालतं. शिवाय हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून येताना थोडा जास्त वेळ गेला तर नवल नाही.

आता तुमच्या 11 वाजताचं. 6 ते 7 च्या दरम्यान सुटणारं विमान घ्या. सामान द्यायचं असेल तर काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, हे धरूनच घर सोडा. तिकिटावर टर्मिनल 1 आहे की 2 ते आधीच बघून ठेवा, सांताक्रूझ आणि सहारमध्ये पहाटे धावपळ करण्यात मजा नाही. नागपूरचा विमानतळ मात्र सुटसुटीत. सोनेगावहून सिव्हिल लाइन्सला टॅक्सीने अर्ध्या तासात आरामात पोहोचता. मेट्रोही आहे, पण स्टेशन टर्मिनलच्या दारात नाही. हातात बॅग असेल तर मी टॅक्सीच करतो.

अंधेरी-पार्ल्याला राहत असाल तर विमानाला तोड नाही. कल्याण-डोंबिवलीचे असाल तर मी रात्रीची रेल्वे सुचवेन. अंतर 837 किलोमीटरच्या आसपास, पण दुरांतो साधारण 11 तासांत सकाळी नागपूरला सोडते, तेही झोप काढून. समृद्धीने गाडी घेऊन जायचा विचार असेल तर तो महामार्ग 701 किलोमीटरचा आहे आणि भिवंडीजवळ आमण्याला सुरू होतो, तिथपर्यंतची वाहतूक वेगळी मोजा. रात्रभर गाडी चालवून सकाळी मीटिंगला बसायचा बेत तर नकोच.