शब्द पाठ होतात, पण पेपरात आठवत नाहीत: चौथीच्या मुलीचा इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवावा?

तुमचा प्रश्न असा: मुलगी चौथीत आहे, मराठी माध्यमात. पुढे शिष्यवृत्तीला बसवायचं आहे. रोज दहा इंग्रजी शब्द अर्थासह पाठ करते, पण आठवड्याने विचारलं की काहीच आठवत नाही. आणि घरात इंग्रजी कुणालाच फारसं येत नाही, मग तयारी घ्यायची कशी? मी इथे नागपुरातच प्राथमिकच्या मुलांना इंग्रजी शिकवते आणि पालक मला हेच सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पेपर काय विचारतो ते बघा. प्राथमिकच्या शिष्यवृत्ती परीक्षेत इंग्रजी दुसऱ्या पेपरात, बुद्धिमत्ता चाचणीबरोबर येतं. 25 प्रश्न, 50 गुण, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. त्यात गटात न बसणारा शब्द ओळखायचा असतो, विरुद्धार्थी निवडायचा असतो, यमक जुळणारी जोडी शोधायची असते, अनेकवचन करायचं असतं, वर्णक्रम लावायचा असतो, विस्कटलेल्या अक्षरांतून शब्द जुळवायचा असतो. नुसता मराठी अर्थ सांगून सुटेल असं त्यात फार थोडं असतं. पेपरात शब्द आपल्या सोयऱ्याधायऱ्यांसकट समोर येतो आणि आपण घरी तो एकेकटा पाठ करून घेतो. शिवाय यादी पाठ केली की लेकरांच्या डोक्यात तिचा क्रम बसतो. मधलाच शब्द विचारला की ती वरपासून मनातल्या मनात म्हणायला लागतात. तुमच्या मुलीच्या स्मरणशक्तीत काही कमी नाही, पद्धत तेवढी बदला.

सुरुवात नव्या शब्दांनी करूच नका. तिला आत्ताच कितीतरी इंग्रजी शब्द येतात, ते तिला कुणी सांगितलेलं नसतं. टॉवेल, ब्रश, बॉटल, स्विच, हेल्मेट, सिग्नल, तिकीट, डॉक्टर, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात दिवसभर ज्याच्यासमोर बसतो तो कूलर. या शब्दांचा आवाजही तिला माहीत आहे आणि अर्थही. शिकायचं राहिलं फक्त स्पेलिंग. पहिले दोन आठवडे घरात फिरून असे शब्द गोळा करू द्या. मग एकेकाचे सोयरे जोडा. कूलरमधून कूल निघतो, त्याच्या विरुद्ध वॉर्म, शेजारी हॉट आणि कोल्ड, यमकाला पूल आणि स्कूल. एका ओळखीच्या शब्दावरून सहा शब्द हाताला लागले आणि परीक्षेतले दोन-तीन प्रश्नप्रकार त्यातच झाले.

बाजारालाही सोबत न्या. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात भाज्या घेताना नावं इंग्रजीत म्हणायची. पोटॅटो, टोमॅटो, ओनियन, ब्रिंजल. घरी आल्यावर त्यांत मँगो घालून विचारा, यातला वेगळा कोणता आणि का? ‘का’ विचारायला विसरू नका, कारण पर्याय चुकतो तो तिथेच. मग अनेकवचन. ओनियनला नुसता एस लागतो, पोटॅटो आणि टोमॅटोला ई-एस. भाजी निवडता निवडता हे सांगितलं तर वेगळा नियम पाठ करून घ्यावा लागत नाही.

आता तुमची खरी अडचण, घरात इंग्रजी न येण्याची. त्यावर चिठ्ठ्यांचा उपाय आहे आणि तो फार चांगला चालतो. जुन्या लग्नपत्रिका कापून पत्त्यांएवढ्या चिठ्ठ्या करा. एका बाजूला चित्र किंवा मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला मुलीच्याच अक्षरात इंग्रजी शब्द, आणि त्याखाली एक सोयरा: विरुद्धार्थी, यमकाचा किंवा अनेकवचन, जो असेल तो. स्पेलिंग पुस्तकातून बघून लिहायचं आणि एकदा बाईंकडून तपासून आणायचं, चुकीची चिठ्ठी पक्की होता कामा नये. संध्याकाळी तुम्ही मराठी बाजू तिच्यापुढे धरा. ती म्हणेल आणि लिहील. इंग्रजी बाजू तुमच्याकडे आहे, अक्षरं जुळतात की नाही एवढंच तुम्हाला बघायचं. ए-बी-सी-डी ओळखता येत असली की पुरे. आजीही हे काम करू शकते, आणि लेकरं आजीपुढे आनंदाने करतात.

चिठ्ठ्यांसाठी तीन डबे ठेवा. नवी चिठ्ठी पहिल्या डब्यात, तो रोज काढायचा. बरोबर आली की दुसऱ्यात, तो तीन दिवसांनी. तिथेही आली की तिसऱ्यात, तो आठवड्याने. कुठेही अडली की परत पहिल्या डब्यात, आणि त्याबद्दल रागवायचं नाही. ‘काल तर येत होतं मॅडम’ हे मी वर्गात सतत ऐकते. शिकलेलं पहिल्या दिवस-दोन दिवसांतच सगळ्यात वेगाने विसरतं, हे एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. विसरायच्या बेताला आलेला शब्द पुन्हा आठवायला लावला की तो टिकतो. दिवसाला पाच नव्या चिठ्ठ्या खूप झाल्या. रविवारी एकही नवी नाही.

स्पेलिंगसाठी शब्द दहा-दहा वेळा लिहायला लावू नका. हात चालतो, लक्ष भलतीकडेच असतं. शब्द नीट बघायचा, झाकायचा, न बघता लिहायचा, मग उघडून ताडून बघायचा, बस. आणि एकाच वळणाचे शब्द एकत्र घ्या. लाईट, नाईट, राईट, फाईट, ब्राईट, या सगळ्यांच्या शेवटी आय-जी-एच-टी आहे. मराठीत जसं बोलतो तसंच लिहितो, त्यामुळे यातले न उच्चारलेले जी आणि एच मुलांना फार खटकतात. पाच शब्दांत तेच दिसलं की खटकणं थांबतं. यमक मात्र नेहमी कानाने ओळखायला शिकवा, नुसतं डोळ्याने नको. पुट आणि बट यांची शेवटची दोन अक्षरं सारखी आहेत, पण यमक जुळत नाही. परीक्षेत असेच पर्याय ठेवलेले असतात.

आपल्या मुलांची आणखी एक हमखास चूक म्हणजे व्ही आणि डब्ल्यू. मराठीत दोन्हीकडे व, म्हणून व्हिलेजला डब्ल्यू आणि विंडोला व्ही लागतो. आरशासमोर उभं करा. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यूला ओठ गोल होतात. हे एकदा ओठांना कळलं की हातही चुकत नाही.

वर्णक्रमासाठी आपल्या मेट्रोच्या नकाशासारखं साधन नाही. एअरपोर्ट आणि अजनी दोन्ही ए पासून सुरू होतात, मग दुसरं अक्षर बघायचं. आय आधी, जे नंतर, म्हणून एअरपोर्ट आधी. कडबी चौक, कस्तुरचंद पार्क आणि खापरी लावायला सांगा. तिघांना के, पण खापरीत दुसरा एच, म्हणून ती शेवटी. पहिल्या दोघांत तिसऱ्या अक्षरापर्यंत जावं लागतं. एवढं जमलं तर परीक्षेतला कुठलाही वर्णक्रम जमेल. आणि शाळेत जाता-येता शेवटच्या अक्षराच्या भेंड्या खेळा. डॉग, गर्ल, लेमन, नेस्ट, टायगर. यात शेवटचं अक्षर आठवायला स्पेलिंग डोळ्यापुढे आणावंच लागतं.

हजारो शब्दांचे जाडजूड कोश आत्ता घेऊ नका. पहिला आधार बालभारतीचं इंग्रजीचं पाठ्यपुस्तक. हरवलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतं. आधीच्या इयत्तांची पुस्तकंही काढा, चौथीच्या मुलांचे बरेच शब्द दुसरी-तिसरीतलेच कच्चे असतात. मोबाईलवरच्या व्हिडिओंनी फार होत नाही, कारण मूल ऐकतं, पण स्वतः म्हणत नाही. नवोदय विद्यालयाच्या प्रवेशाचाही विचार असेल तर एक सांगते, तिथली भाषेची परीक्षा मराठीतून देता येते, तिच्यासाठी वेगळे इंग्रजी शब्द नकोत.

वाचन मात्र हवंच. चिठ्ठीवरचा शब्द गोष्टीत भेटला की तो आपला वाटायला लागतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर कितीतरी गोष्टी मराठीतही आहेत आणि इंग्रजीतही, आणि सगळं मोफत. आधी मराठीतून वाचू द्या, मग तीच इंग्रजीतून. विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे मे-जूनच्या लांबलचक दुपारी आपल्याला यासाठी मिळतात. गोष्टी तिथे चार पातळ्यांवर लावलेल्या आहेत. मुलगी चौथीत असली तरी पहिल्या पातळीपासूनच सुरू करा आणि पानावर दोन-तीनपेक्षा जास्त शब्द अडेनासे झाले की मगच पुढची पातळी घ्या.